हिप हॉप : जळालेल्या वस्तीचा ठेका आणि त्याच्या मालकीचा प्रश्न



एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाद ठरलेले. एक वर्गणीचा, दुसरा डीजेचा. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे हवा की नको यावर विहारात बैठका होतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत हमरीतुमरी चालते. जुनी मंडळी म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, आपली परंपरा जलशाची. पोरं म्हणतात, जमाना बदलला. अलीकडे तर पोरं आणखी पुढे गेली आहेत. विहाराच्या पायरीवर बसून स्वतःचं रॅप लिहितात, मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. त्यांच्याही वाट्याला तेच वाक्य येतं : हे आपलं नव्हे.

भिंतीएवढ्या स्पीकरमुळे म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं, लहान लेकरं घाबरतात, हे जुन्या मंडळींचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे. आमचं भांडण 'हे आपलं नव्हे' या निकालाशी आहे. आणि तेवढंच भांडण त्या पोरांशीही आहे, ज्यांनी टोपी उचलली, साखळी उचलली, हातवारे उचलले, पण डीजे ही दोन अक्षरं कुठल्या वस्तीतून आली हे कधी विचारलं नाही. ती आली न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातून. आणि ती वस्ती तेव्हा अक्षरशः जळत होती.

हिप हॉपचा इतिहास बहुतेक जण 11 ऑगस्ट 1973 च्या एका पार्टीपासून सांगतात. पार्टीपासून सुरुवात केली की वाटतं, गरिबांच्या पोरांना नाचायची हौस आली आणि एक कला जन्मली. म्हणून आपण चाळीस वर्षं मागे जाऊ. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कुठे घरासाठी कर्ज द्यायला धोका नाही आणि कुठे आहे, हे ते रंग सांगत. जिथे कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती बहुतेक वेळा लाल. लाल रंग म्हणजे कर्ज नाही, डागडुजीला पैसा नाही, घराला किंमत नाही. गावकुसाची रेघ ओढायला दरवेळी धर्मग्रंथच लागतो असं नाही, लाल पेन्सिलही पुरते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिको बेटावरून स्पॅनिश बोलणारे कामगार मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आले. त्याच काळात शहराच्या बांधकामांवर रॉबर्ट मोझेस नावाच्या अधिकाऱ्याची एकहाती सत्ता होती. हा माणूस कधीही निवडून आलेला नव्हता. 1948 मध्ये त्याने ब्रॉन्क्सच्या भरवस्तीतून क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे काढायला घेतला. ईस्ट ट्रेमाँट या भागातल्या जेमतेम एका मैलाच्या पट्ट्यात 1530 कुटुंबांची घरं पाडली गेली. रस्ता थोडा बाजूने नेला असता तर त्यांतली जवळजवळ सगळी घरं वाचली असती. रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, तसा पर्यायी मार्ग दाखवला, सभा घेतल्या, शिष्टमंडळं नेली. मोझेसने रेघ हलवली नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पट्ट्यातली बहुतेक कुटुंबं ज्यू कामगारांची होती, कृष्णवर्णीयांची नव्हती. पण त्यानंतर ज्यांना शक्य होतं ते गोरे लोक उपनगरांत गेले, त्यांना तिथे कर्ज मिळालं. कारखानेही गेले. मागे राहिले ते ज्यांना कर्ज मिळत नव्हतं आणि दुसरीकडे घर भाड्यानेही कोणी देत नव्हतं. घर भाड्याने न मिळणं म्हणजे काय असतं, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आडनाव सांगितल्यावर घरमालकाचा आवाज कसा बदलतो ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे.

मग आगी सुरू झाल्या. भाडं येईना, इमारत विकली जाईना, म्हणून कित्येक घरमालकांनी भाडोत्री माणसांकडून स्वतःच्याच इमारती पेटवल्या आणि विम्याचे पैसे घेतले. जिथे आगी सर्वांत जास्त तिथे बंब जास्त लागणार, हे कोणीही सांगेल. न्यूयॉर्क शहराने उलटं केलं. रँड या संशोधन संस्थेच्या गणिती आराखड्यांचा आधार घेऊन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या अग्निशमन तुकड्या बंद केल्या, त्यांतल्या अनेक गरीब वस्त्यांमधल्या होत्या. 1970 ते 1980 या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधल्या जनगणनेच्या 7 विभागांतल्या 97 टक्क्यांहून जास्त इमारती आगीने किंवा ओस पडून नष्ट झाल्या. आणखी 44 विभागांत निम्म्याहून अधिक गेल्या. युद्ध न होता शहराचा एक भाग बेचिराख झाला.

आणि दिल्लीत, माफ करा, वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं? 1970 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार मॉयनिहान यांनी त्यांना एक टिपण लिहिलं. वंशाच्या प्रश्नाकडे काही काळ सौम्य दुर्लक्ष केलं तर बरं, असा त्याचा आशय. वस्त्यांमधल्या आगी म्हणजे तिथल्या लोकांच्या बिघडलेल्या मनोवृत्तीचं लक्षण, असाही त्यांचा सूर होता. 1976 मध्ये शहराच्या गृहनिर्माण खात्याची धुरा सांभाळलेल्या रॉजर स्टार यांनी त्याहून स्पष्ट सुचवलं : गरीब भागांतल्या सेवाच आवरत्या घ्या, म्हणजे लोक आपोआप निघून जातील. याला नाव दिलं 'नियोजित आकुंचन'. विहिरीवर बंदी घालायची आणि मग म्हणायचं, ही माणसं घाण राहतात. पद्धत आपल्या ओळखीची आहे.

या राखेत वाढलेल्या पोरांनी टोळ्या केल्या. प्रत्येक गल्लीची वेगळी टोळी, वेगळं जाकीट, दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं की मारामारी. हिप हॉपवर लिहिणारे बरेच लोक हा भाग दोन ओळींत उरकतात. आम्हाला मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

घेट्टो ब्रदर्स ही पोर्तो रिकन पोरांची एक मोठी टोळी होती. तिचा म्होरक्या बेंजी मेलेंडेझ. ही टोळी मारामारीही करायची आणि गाणंही वाजवायची, तिचा स्वतःचा बँड होता. बेंजीने टोळीत एक वेगळं पद तयार केलं होतं : भांडणं मिटवणारा. त्या पदावर कॉर्नेल बेंजामिन हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता, त्याला सगळे ब्लॅक बेंजी म्हणत. 2 डिसेंबर 1971 रोजी दोन टोळ्यांमध्ये पडून भांडण सोडवायला तो गेला आणि त्यालाच ठार मारण्यात आलं. अख्खं ब्रॉन्क्स आता रक्तपाताची वाट पाहत होतं. टोळ्या हत्यारं गोळा करत होत्या, घेट्टो ब्रदर्सच्या फक्त एका शब्दाची खोटी होती. मेलेंडेझने पुढे अनेकदा सांगितलं की तो मेलेल्या मित्राच्या आईला भेटला आणि त्या माउलीने सूड नको म्हणून सांगितलं, माझा मुलगा शांततेसाठी गेला असं सांगितलं. 8 डिसेंबरला हो अ‍ॅव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांची बैठक झाली. पोरं एकमेकांच्या अंगावर ओरडली, कोणी कोणाला मारलं त्याचे हिशेब निघाले, आणि शेवटी तह झाला. तह काही कायमचा टिकला नाही, मारामाऱ्या पूर्ण थांबल्याही नाहीत. पण एका गल्लीतलं पोर दुसऱ्या गल्लीत गाणं ऐकायला जाऊ शकेल, एवढी वाट मोकळी झाली. ही वाट नसती तर पुढची पार्टी झाली नसती. हिप हॉपच्या आधी बंधुता आली, आणि ती एका पोर गमावलेल्या आईच्या तोंडून आली.

आता ती पार्टी. 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू ही क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेच्या जवळची भाडेकरूंची उंच इमारत. तिथे जमैकाहून आलेलं कॅम्पबेल कुटुंब राहत होतं. थोरल्या क्लाइव्हचा जन्म 1955 चा, किंग्स्टनचा. तो बारा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. वस्तीत त्याला हर्क म्हणत, पुढे तो डीजे कूल हर्क झाला. पण पार्टीची कल्पना त्याची नव्हती, त्याची बहीण सिंडी हिची होती. शाळा सुरू होणार होती आणि तिला चांगले नवे कपडे हवे होते. तिने इमारतीतला सामाईक हॉल भाड्याने घेतला, हाताने आमंत्रणपत्रिका लिहिल्या, दर ठरवला : मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. भावाला गाणी वाजवायला बसवलं. म्हणजे ज्या संस्कृतीचा आज अब्जावधी डॉलरचा धंदा आहे, तिची पहिली व्यवस्थापक एक शाळकरी कृष्णवर्णीय मुलगी होती. इतिहासात नाव मात्र भावाचंच मोठं झालं. हेही आपल्या ओळखीचं.

हर्कने त्या काळात काय केलं ते नीट समजून घेऊ. जेम्स ब्राऊनसारख्या गायकांच्या तबकड्यांमध्ये एक जागा अशी येते की गाणं थांबतं, बाकीची वाद्यं थांबतात, आणि काही सेकंद फक्त ड्रमचा ठेका उरतो. याला ब्रेक म्हणत. हर्कच्या लक्षात आलं की पोरं या काही सेकंदांचीच वाट पाहत असतात आणि तेव्हाच जीव तोडून नाचतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. दहा सेकंदांचा ठेका दहा मिनिटं चालू लागला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय. जमैकाच्या गल्ल्यांमध्ये मोठाले स्पीकर लावून नाचण्याची जी रीत होती, ती त्याने इथे आणली. उघड्या मैदानात कार्यक्रम असला की ही मंडळी रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर आकडा टाकून वीज घेत. आपल्याकडच्या किती झोपडपट्ट्यांत पहिला बल्ब असाच लागला, ते आठवा. हर्क तबकड्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, गाणं कोणतं ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. बाजूला माईक घेऊन त्याचा मित्र कोक ला रॉक मित्रांची नावं पुकारायचा, चार शब्द जुळवून टाकायचा. रॅपची सुरुवात तिथे : गर्दीत आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेणं. त्याच काळात रेल्वेच्या डब्यांवर पोरं आपली टोपणनावं रंगवत होती, तेही तेच. ज्यांची नोंद शहराच्या कागदावर फक्त समस्या म्हणून होती, ती माणसं आपलं नाव स्वतः लिहीत होती.

ही सगळी विद्या शाळेने दिलेली नव्हती. पैशाअभावी शहराने शाळांमधलं संगीतशिक्षण कापत आणलं होतं, 1975 मध्ये तर न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. ट्रम्पेट नाही, पियानो नाही, म्हणून बापाची तबकडी हेच वाद्य झालं. बार्बाडोसमध्ये जन्मलेला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता. भंगारातले सुटे भाग जोडून त्याने असा जोड तयार केला की एक तबकडी लोकांना ऐकू येत असताना दुसरी फक्त त्याच्या कानात वाजेल, आणि ठेका नेमका जुळेल. थिओडोर नावाचा पोरगा घरी तबकड्या वाजवत होता, आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून रागावली, त्याने हाताने तबकडी धरून ठेवली आणि ती मागेपुढे हलली. त्यातून जो आवाज निघाला तो स्क्रॅच. त्याने स्वतः सांगितलेली ही हकीकत आहे. म्हणजे फ्लॅश आणि थिओडोर ही पोरं त्यांच्या काळातले तंत्रज्ञ होती. त्यांना 'उपजत ताल' असतो असं म्हणणाऱ्या कौतुकाचा आम्हाला राग येतो. उपजत म्हटलं की मेहनत आणि बुद्धी दोन्हींचं श्रेय काढून घेता येतं.

श्रेयाचा विषय निघालाच आहे, तर 1979 कडे येऊ. सहा वर्षं हे सगळं गल्लीत, मैदानात, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर चाललं होतं. मग न्यू जर्सीतल्या शुगरहिल रेकॉर्ड्सने 'रॅपर्स डिलाइट' काढलं आणि ते जगभर गाजलं. त्यात गाणाऱ्या तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करणारा माणूस. त्याच्या तोंडचे शब्द ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझने लिहिलेले होते. हँकने कॅझची वही मागून नेली आणि शब्द इतके जसेच्या तसे घेतले की कॅझचं टोपणनावही त्यात तसंच राहून गेलं. कॅझला ना नाव मिळालं, ना पैसा. ज्या सिल्व्हिया रॉबिन्सनने हे रेकॉर्ड काढलं ती स्वतः कृष्णवर्णीय होती. वहीचा चोर नेहमी बाहेरचाच असतो असं समजू नये.

हे वाचून कोणाला 2021 आठवलं असेल. तामिळ रॅपर अरिवू याने आपल्या आजीच्या आठवणींतून, भूमिहीन मळामजुरांच्या आयुष्यातून 'एंजॉय एंजामी' लिहिलं. गाणं कोटीच्या कोटी लोकांनी ऐकलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका आली, दुसरा एक रॅपर आला, अरिवू आला नाही. पा. रंजित यांनी आवाज उठवला, ओरड झाली, तेव्हा त्याच्यासाठी वेगळं डिजिटल मुखपृष्ठ निघालं. वही आपली, मुखपृष्ठ दुसऱ्याचं.

1982 मध्ये 'द मेसेज' आलं आणि गाण्याने पहिल्यांदा मोठ्या बाजारात वस्तीचं वर्णन केलं : फुटलेल्या काचा, उंदीर, शाळा सुटलेलं पोर, तुरुंग. त्याचे शब्द प्रामुख्याने ड्यूक बूटी आणि मेली मेल यांचे. गंमत म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाला हे गाणं करायचंच नव्हतं, लोक नाचायला येतात, रडगाणं कोण ऐकणार, असं त्यांना वाटत होतं. लोकांनी ऐकलं. आज ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात आहे.

त्यानंतरचा काळ रेगनचा. गरिबांच्या योजनांवर कात्री आणि वस्त्यांमध्ये क्रॅक कोकेनचा महापूर. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची कैद ठेवली, तीच कैद पांढऱ्या भुकटीच्या कोकेनला व्हायला 500 ग्रॅम लागत. क्रॅकच्या गुन्ह्यात पकडले जाणारे बहुतेक काळे, भुकटी ओढणारे अनेक गोरे आणि पैसेवाले. एकाच मालाला शंभर पटींचा फरक, आणि तो कायद्यात लिहिलेला. ही चिडच पब्लिक एनिमीच्या गाण्यांत आली. स्पाइक ली यांच्या 1989 च्या चित्रपटासाठी त्यांनी केलेलं 'फाइट द पॉवर' हे त्या पिढीचं घोषवाक्य झालं. लॉस एंजेलिसच्या एन.डब्ल्यू.ए. गटाने पोलिसांच्या दंडेलीवर शिवीगाळ करणारं गाणं केलं, तेव्हा एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला निषेधाचं पत्र पाठवलं. दोनच वर्षांनी, 3 मार्च 1991 ला त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंगला रस्त्यावर पाडून झोडपलं आणि ते कोणीतरी बाल्कनीतून चित्रित केलं. ती पोरं खोटं बोलत नव्हती, हे जगाने टीव्हीवर पाहिलं. 29 एप्रिल 1992 ला ते पोलीस सुटले आणि शहर पेटलं, 60 हून अधिक माणसं मेली.

याच वळणावर बाजाराने ओळखलं की काळ्यांचा राग विकला जातो. पण राग विकताना त्याची दिशा बदलली तर जास्त बरं. व्यवस्थेवरचा राग नको, एकमेकांवरचा चालेल. बंदूक, गाडी, सोनं, आणि बाई ही वस्तू. आम्ही ही टीका बाहेरून करत नाही. हिप हॉपमधल्याच स्त्रियांनी ती केली. क्वीन लतीफाने 1989 मध्येच बायकांचा मान गाण्यातून मागितला, एम.सी. लाइट, सॉल्ट-एन-पेपा उभ्या राहिल्या, लॉरिन हिलच्या अल्बमला 1999 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हिप हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. आपल्या जयंतीत वाजणाऱ्या काही गाण्यांत आणि काही पोरांच्या रॅपमध्ये आया-बहिणींवरच्या शिव्या असतात, तेव्हा 'हे हिप हॉप आहे' ही सबब चालणार नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या जयंतीत तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. आफ्रिका बम्बाटा हा ब्लॅक स्पेड्स टोळीतला तरुण. त्याने टोळीची युनिव्हर्सल झुलू नेशन केली, पोरांना शस्त्राऐवजी नाच, रंग, माईक दिला, स्वतःला ओळखण्याचं ज्ञान हाही हिप हॉपचा भाग आहे असं शिकवलं. हे काम मोठं आहे. पण 2016 मध्ये अनेक पुरुषांनी पुढे येऊन सांगितलं की लहानपणी त्याने आमचं लैंगिक शोषण केलं. त्याने आरोप नाकारले, झुलू नेशनला मात्र त्याच्यापासून अंतर घ्यावं लागलं. आपल्या चळवळीनेही अशा प्रसंगी गप्प बसायचं नसतं. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा गाण्याच्या चळवळीलाही लागू आहे.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना आम्ही जोडून-ताणून उत्तर देणार नाही. वंश आणि जात एक नव्हेत. पण धागे खरे आहेत. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले काळे संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत आहेत त्याची प्रत मागितली, ड्युबॉइस यांनी उत्तरही दिलं. 1966 मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर. म्हणजे हर्कच्या पार्टीच्या एक वर्ष आधी आपल्या वस्त्यांमधल्या पोरांनी त्या वस्त्यांचं नाव घेऊन आपली संघटना उभी केली होती. ब्लॅक पँथरच्याच काळात, मे 1968 मध्ये, माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी हार्लेमच्या बागेत लास्ट पोएट्स या कवींनी ढोलावर कविता म्हणायला सुरुवात केली. रॅपचं मूळ तिथेही शोधलं जातं. पँथरमधून निघालेली कविता आणि ब्रॉन्क्समधून निघालेला रॅप ही एकाच काळाची, एकाच पूर्वजाची दोन लेकरं आहेत.

आणि जलसा? भीमराव कर्डकांचा जलसा म्हणजे तरी काय होतं? देवाची स्तुती काढून टाकलेला तमाशाचा साचा, त्यात सवाल-जवाब, समोर वस्ती, आणि विषय पाणवठ्याचा, शिक्षणाचा, मुंबईला निघून जाण्याचा. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत आजही सांगतात. जुना साचा घेतला, त्यातला माल बदलला आणि माईक स्वतःकडे ठेवला. हर्कनेही तबकडी बाजारातून घेतली, ठेका आपला केला. म्हणून जलसा विरुद्ध रॅप हे भांडण आम्हाला बापलेकाच्या भांडणासारखं वाटतं.

आज ही वाट चालणारे आपल्याकडे आहेत. ओडिशाच्या कोरापुटचा सुमित सामोस जेएनयूत शिकत असताना जातीवर रॅप करत होता, पुढे लोकवर्गणीच्या बळावर ऑक्सफर्डला गेला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं, ते नाव अयोथी थास पंडितांच्या 'जातिहीन तमिळ' या विचारातून आलेलं, आणि अयोथी थास हे बाबासाहेबांच्या आधी कित्येक दशकं बुद्धाकडे वळलेले. महाराष्ट्रात एप्रिल 2023 मध्ये राज मुंगसे या रॅपरवर सत्तेच्या फोडाफोडीवर गाणं केलं म्हणून गुन्हा दाखल झाला. ट्युनिशियात 2011 च्या जानेवारीत एल जनरल या रॅपरला हुकूमशहाविरुद्ध गायला म्हणून उचललं होतं, आणि त्याच महिन्यात तो हुकूमशहा देश सोडून पळाला. सेनेगलमध्ये रॅपर आणि पत्रकारांनी मिळून 'आता पुरे' या अर्थाच्या नावाची चळवळ उभी केली, 2012 मध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पडला. सत्तेला रॅपचा अर्थ बरोबर कळतो. आपल्यातल्या काहींनाच अजून कळायचा आहे. मुंबईत धारावीच्या पोरांवर 2019 मध्ये मोठा चित्रपट निघाला, त्यात वस्ती दिसली, गरिबी दिसली, जात दिसली नाही. पडदा त्यांचा, कॅमेरा त्यांचा, मग काय दिसणार हेही त्यांनीच ठरवलं.

शेवटी पुन्हा त्या इमारतीकडे. 2007 मध्ये न्यूयॉर्क राज्याने 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यूला हिप हॉपचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली, ऐतिहासिक वास्तूंच्या यादीसाठी पात्र ठरवलं. त्याच वर्षी इमारतीचा मालक तिला परवडणाऱ्या घरांच्या सरकारी योजनेतून बाहेर काढून बाजारभावाने विकायच्या खटपटीत होता. म्हणजे जन्मस्थानाची पाटी लागणार आणि भाडेकरू जाणार. भाडेकरूंनी समिती केली, सभा घेतल्या, कूल हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला. 2008 मध्ये इमारत विकली गेलीच. लढा थांबला नाही. नवा मालक कर्जात बुडाला, दुरुस्त्या थकल्या, भाडेकरूंनी शहर प्रशासनाच्या मागे लकडा लावला, आणि आणखी दोन-तीन वर्षांनी शहराच्या मदतीने इमारत परवडणारी घरं टिकवणाऱ्या विकासकाकडे गेली. 2011 च्या जानेवारीत हर्क दवाखान्यात होता. मूतखड्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि ज्याच्या ठेक्यावर एवढा धंदा उभा राहिला त्याच्याकडे आरोग्य विमा नव्हता. सिंडी पुढे झाली. अडतीस वर्षांपूर्वी जिने दारात उभं राहून 25 आणि 50 सेंट गोळा केले होते, तिने पुन्हा एकदा भावासाठी वर्गणी मागितली.